मोड आठवड्याचे काढा, उसळ रोजची करा

बाहेर खाण्याचे पैसे वाचवायला डब्यासाठी ‘रविवारी पाच दिवसांची उसळ एकदम शिजवून फ्रिजमध्ये ठेवा’ असा सल्ला एका लेखात वाचला, तो पटला नाही. ओलं खोबरं घातलेली उसळ तिसऱ्या दिवशी आंबूस लागायला लागते. मग गुरुवारी डबा टाकून बाहेर खाल्लं जातं आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. एकदम करायची ती मोडांची तयारी. एका माणसाच्या पाच डब्यांना पाव किलो मटकी पुरते. शनिवारी रात्री भिजत घाला, सकाळी अर्धा तास चाळणीत निथळू द्या आणि मगच फडक्यात बांधा. हे निथळणं टाळलं की मटकी बुळबुळीत होऊन वास मारते. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत सोमवार उजाडतो. मोड दाण्याएवढे झाले की तळाला कोरडं फडकं घालून डब्यात, फ्रिजमध्ये. गुरुवार-शुक्रवारचा वाटा मात्र आधीच फ्रीझरमध्ये टाका. मोड थोडे मऊ पडतात, उसळीला चालतं.

सकाळी कांदा परतून मटकी घातली आणि झाकणावर पाणी ठेवलं की 10 ते 12 मिनिटांत शिजते. खोबऱ्याऐवजी दोन चमचे दाण्याचं कूट घाला, दुपारपर्यंत डबा विटायची भीती कमी. आणि वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण लावू नका! बंद डब्यातल्या वाफेचं पाणी पोळीवर पडून ती चिकट होते, उसळही लवकर उतरते.