तक्रार क्रमांक १००६२७५७

इंटरनेट बंद पडल्याची तक्रार नोंदवली की इंटरनेट मिळत नाही, क्रमांक मिळतो. माझ्या वाट्याला १००६२७५७ आला आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य निमूटपणे ऐकत बसण्यापेक्षा त्या क्रमांकाचे अवयव पाडलेले बरे, असे म्हणून मी कागद पुढे ओढला.

शेवटी ७ असल्याने २ आणि ५ आपोआप बाद झाले. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ही गेला. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ होत असल्याने या तिघांचा निकाल एकदमच लावता येतो : उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ७५७ − ६२ + १० केले, ७०५ आले, आणि त्याला तिघांपैकी कोणाचाच भाग जाईना. युक्त्या इथे संपल्या. वर्गमूळ ३१७२ च्या थोडे पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत राहणे आले. हजाराच्या आत अशा १६८ संख्या आहेत आणि त्या सगळ्यांनी, ग्राहक सेवा विभागाप्रमाणेच, हात वर केले. त्यांच्या लगेच पुढची १००९ मात्र पावली : १००९ × ९९७३. चार अंकी मूळ संख्यांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी! एवढी देखणी जोडी माझ्या बंद राउटरच्या दिमतीला कोणी दिली, कोण जाणे.

कुळ कळले, आता स्वभाव पाहू म्हटले. इ.स. १०० च्या सुमारास निकोमाकस या ग्रीक गणितज्ञाने, विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त, तिच्याइतकी की कमी यावरून, संख्यांची विपुल, परिपूर्ण आणि न्यून अशी वर्गवारी केली होती. आमच्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज अवघी १०,९८३. एक कोटीच्या वर ऐट आणि गाठीशी एवढेच, म्हणजे न्यून, तीही दरिद्री म्हणावी इतकी. मग अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा केली, कारण ती अखेर १ वर पोचली तर संख्या आनंदी मानतात. १६४, ५३, ३४, २५, २९, ८५ करत स्वारी ८९ वर आली आणि तिथून आठ संख्यांच्या चक्रात कायमची अडकली. ‘मराठीसाठी एक दाबा’ हे पुन्हा ऐकत असताना तिचे दुःख मला आतून समजले. द्विमान पद्धतीत मांडल्यावर तिच्यात १ हा अंक १२ वेळा आला, आणि १ ची संख्या सम असेल तर गणितज्ञ त्या संख्येला चक्क दुष्ट म्हणतात.

तरीही एक गुण निघाला. १००९ आणि ९९७३ या दोन्हींना ४ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्येच पत्रातून कळवून ठेवले आहे. त्यामुळे आमची दुष्ट, दुःखी संख्या दोन प्रकारे मांडता येते : ३१५१² + ३६६² आणि १४४१² + २८२६². दुसरी मांडणी पडताळत असतानाच पलीकडून खराखुरा मनुष्य बोलला, जुनी तक्रार आपोआप बंद झाल्याचे त्याने नम्रपणे सांगितले आणि नवा क्रमांक दिला. त्याच्या शेवटी तीन शून्ये होती. इतक्या सोप्या संख्येवर पुढचा तास कसा काढायचा, हे विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.