फुटपाथखालचं हॉलंड

शिकागोहून मिशिगनमधल्या हॉलंड गावाला गाडीने साधारण अडीच तास लागतात. सासू-सासरे बरोबर असले तर साडेचार. त्यातला एक तास राज्याची हद्द खाते, कारण मिशिगनमध्ये शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. सासऱ्यांना हे मान्य नव्हतं. "निघालो शिकागोच्या वेळेने, तर जेवायचंही शिकागोच्या वेळेने," त्यांनी निकाल दिला. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या माणसाशी जावयाने काय वाद घालायचा? दिवसभर आमच्या एका गाडीत तीन टाइमझोन नांदले: बायको आणि मुलं मिशिगनमध्ये, आई-बाबा शिकागोत आणि ब्लडप्रेशरची गोळी भारतात.

आपण कुठे चाललोय हे मंडळींना कळावं म्हणून मी वाटेत इतिहास सांगायला घेतला. आल्बर्टस वान राल्टे नावाचा पाद्री. नेदरलँड्सच्या सरकारमान्य चर्चशी फारकत घेतलेली माणसं घेऊन 1847 च्या ऐन थंडीत तो इथल्या जंगलात आला आणि गाव वसवलं. 1871 मध्ये शिकागो जळत होतं तेव्हाच हेही गाव जळालं, पुन्हा उभं राहिलं. ज्याच्या मे महिन्यातल्या उत्सवाला आम्ही निघालो होतो ते ट्युलिपचं प्रकरण फार पुढचं. लिडा रॉजर्स नावाच्या जीवशास्त्राच्या बाईंनी 1927 मध्ये कल्पना मांडली, पुढच्या वर्षी गावाने एक लाख कंद मागवले आणि 1929 च्या वसंतात पहिला बहर आला...

"दशमी घेता का?" मागून सासूबाई म्हणाल्या. इतिहास तिथेच संपला.

ट्युलिपबद्दल जास्त लिहीत नाही, कारण जास्त नव्हतेच. हे फूल कॅलेंडर बघत नाही. 2012 साली मार्चमध्येच इतकं गरम झालं, की मे महिन्यातल्या उत्सवाला नुसते दांडे शिल्लक राहिले होते. आमच्या नशिबी निम्मी फुलं, निम्मे दांडे. जिथे फुलं होती तिथे फोटोसाठी रेशनच्या दुकानाला लाजवेल अशी रांग. बायको त्या रांगेत उभी राहिली आणि आम्हाला हलायचं नाही म्हणून बजावून गेली.

नेमकं तेव्हाच बाबांनी एक पाटी वाचली.

हॉलंडच्या बाजारपेठेत थंडीत बर्फ साचत नाही. रस्त्यांच्या आणि फुटपाथच्या पोटात पाइप घातले आहेत आणि वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता घेतलेलं कोमट पाणी त्यातून फिरवतात. एडगर प्रिन्स नावाच्या उद्योजकाने आग्रह धरला, वर पदरचे पैसे घातले आणि 1988 मध्ये हे काम सुरू झालं. तासाला इंचभर बर्फ पडला तरी तो पडल्या पडल्या वितळतो. आता बाकीचे लोक ही पाटी वाचतात, "अरे वा" म्हणतात आणि आइस्क्रीम घ्यायला जातात. बाबा पाटीपाशीच रोवले गेले.

"पाइप कसला? लोखंडी असेल तर गंजेल. प्लॅस्टिकचा असेल तर वरून ट्रक जातो त्याचं काय? आणि गळती लागली तर कळतं कुठून? अख्खा रस्ता खणतात?"

"बाबा, मला कसं माहीत असणार?"

"इतकी वर्षं इथे राहताय ना तुम्ही?"

मग ते खाली बसले आणि त्यांनी तळहात फुटपाथवर टेकवला. "गार लागतोय." मी म्हटलं, मे महिना आहे, बंद असेल. "असेल ना. पण हात लावून बघायला काय जातं?" म्हणत ते आणखी वाकले आणि कान लावला. सत्तरीचा गृहस्थ रहदारीच्या फुटपाथवर आडवा झालेला बघून चार माणसं धावली. एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, एकाने फोन काढला. "ही इज फाइन, ही इज अॅन इंजिनिअर," एवढंच मला सुचलं. त्याने सगळ्यांचं समाधान झालं.

तेवढ्यात नारिंगी जाकीट घातलेला पालिकेचा एक माणूस जवळून गेला. बाबांनी त्याला हाक मारली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पाणी परत नेणाऱ्या पाइपलाइनबद्दल विचारत होतं. त्याचा चेहरा जो उजळला! दोघांनी कागदावर आकृत्या काढल्या. दरम्यान रांगेतून बायकोचा नंबर आला, फोटोला माणसं नव्हती म्हणून नंबर गेला. ती परत आली तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. बाबांशी बोलत नाही असं ती करू शकत नाही, त्यामुळे दोघांचा वाटा मला मिळाला.

मिरवणुकीआधी नगराध्यक्ष रस्त्याची पाहणी करतात, तो घाण असल्याचं जाहीर करतात आणि मग डच पोशाखातली सगळी मंडळी बादल्या-झाडू घेऊन रस्ता घासतात. "स्वच्छ रस्ता पुन्हा घासायचा," बाबा म्हणाले, "म्हणजे हिशेबाचं वर्ष संपत आलेलं दिसतंय." लाकडी बूट घालून नाचणाऱ्या मुली आल्या. बूट चावू नयेत म्हणून त्या एकावर एक मोजे चढवतात, हे माझ्या लेकीने फोनवर वाचून सांगितलं. फोनवरून मान वर काढण्याचा त्या दिवसातला तिचा तेवढाच प्रसंग.

संध्याकाळ होत आली तेव्हा पवनचक्की. ही खरीखुरी डच चक्की आहे, दुसऱ्या महायुद्धात तिच्या पात्यांना गोळ्या लागल्या होत्या. 1964 मध्ये ती तिकडे सुटी करून जहाजाने इथे आणली. मी कौतुकाने सांगत होतो आणि सासूबाई तिकिटाचा दर वाचत होत्या. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डचांची सतराव्या शतकातली वखार पडक्या अवस्थेत अजून उभी आहे. "आमच्या वखारीत झाडां वाढलीत, कोण इचारणा नाय," त्या म्हणाल्या. तापल्या की त्या मालवणीवर येतात. "आणि हय डच बघूक पैशे?"

पण आत गेल्या आणि गप्प झाल्या. चक्कीवर गव्हाचं पीठ दळतात आणि पिशव्या भरून विकतात. सासूबाईंनी चिमूटभर पीठ बोटांत घेतलं, अंगठ्याने चोळलं, पुन्हा चोळलं, जिभेवर ठेवलं.

"दगडाला टाकी लावायला झालीय. विचारा तिला."

चक्कीवरच्या मुलीला टाकी लावणं इंग्रजीत कसं सांगायचं या विचारात मी असतानाच सासूबाईंनी डाव्या मुठीचं जातं केलं, उजव्या हाताने छिन्नी चालवली, तोंडाने टक्-टक् केलं. मुलगी ओरडलीच, "यस!" आणि त्यांना हाताला धरून दगडाकडे घेऊन गेली. त्यावरच्या खाचा दाखवल्या. सासूबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली, अगदी नगराध्यक्षांसारखी. बाबा मागून "पात्यांचे फेरे मिनिटाला किती, विचारा" म्हणत आले.

मुलगा भुकेने रडकुंडीला आला होता, शिकागोच्या वेळेनेही. चक्की बंद व्हायची वेळ झाली होती. बायकोने किल्ली मागून घेतली.

"जरा थांबा हो," सासूबाई मला म्हणाल्या. "पुढच्या वेळी डब्यातून ज्वारी आणली तर दळून देतील का, ते विचारा."

बायको गाडीकडे निघून गेली. मी विचारलं.