निब बदलली की रेघ बारीक होते?

शाईचं पेन नव्याने घेतलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला असा: "पेन जाड लिहितंय? सहा नंबरची ईएफ निब मागवा, ती कुठल्याही पेनात बसते. जुनी ओढून काढा, नवी खुपसा, दोन मिनिटांत रेघ बारीक. निब नाही मिळाली, तर आहे तीच पॉलिश पेपरवर घासा." पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यातला एकही भाग जसाच्या तसा खरा नाही.

आधी ते "ईएफ" बघू. ईएफ म्हणजे एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक, आणि नुसती एफ म्हणजे फाइन, बारीक. ही अक्षरं सगळ्यांनी मान्य केलेल्या कुठल्याच मापाला बांधलेली नाहीत, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची एफ साधारणपणे जर्मन कंपन्यांच्या ईएफइतकी बारीक असते, कधी त्याहूनही. छोट्या जागेत कांजीच्या, म्हणजे जपानी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या, दाट रेघा ओढायच्या, तर तिथे तशीच निब लागणार. म्हणजे जपानी एफ काढून जर्मन ईएफ बसवली, तर पैसे खर्चून रेघ जाडच व्हायची. प्लॅटिनमच्या प्रेपी या स्वस्त पेनावर 02, 03, 05 असे मिलिमीटरमधले (02 म्हणजे 0.2) आकडे असतात, ते त्यातल्या त्यात उपयोगाचे.

"कुठल्याही पेनात बसते" हे तर अजिबातच नाही. नंबरावरून आकाराचा अंदाज येतो, एवढंच. जोवो आणि बॉक या दोन्ही जर्मन कंपन्या सहा नंबरच्या निबा बनवतात, पण त्यांच्या युनिटचे, म्हणजे निब आणि तिच्याखालचा शाई पुरवणारा फीड या जोडीचे, आटे वेगळे, त्यामुळे एकाचं युनिट दुसऱ्याच्या जागी फिरत नाही. पायलटचा पाच नंबर आणि या जर्मन कंपन्यांचा पाच नंबर यांचाही एकमेकांशी संबंध नाही. नुसती निब सरकवून बसवली, तरी तिची गोलाई खालच्या फीडशी जुळायला हवी. मध्ये फट राहिली तर शाई निबच्या मधल्या चिरेपर्यंत पोचत नाही आणि पेन अडखळतं. फीडने निब खालून जास्त रेटली तर चीर उघडते, शाई जास्त उतरते आणि बारीक निब जाड लिहू लागते. फीड एबोनाइटचा असेल, तर गरम पाण्याने किंचित नरम करून निबला जुळवता येतो. आपल्याकडच्या हाताने बनवलेल्या अनेक पेनांत असा फीड असतो. प्लॅस्टिकचा फीड एवढा ऐकत नाही.

सगळ्यात मोठी गफलत मात्र "निब बारीक म्हणजे रेघ बारीक" या समजुतीत आहे. निबचं टोक फक्त शाई कुठे ठेवायची ते ठरवतं. ती किती उतरणार हे चीर आणि फीड ठरवतात, आणि उतरल्यावर किती पसरणार हे शाई आणि कागद. वहीचा कागद शोषक असेल, तर शाई तंतूंतून पसरते आणि ईएफचीही रेघ फुगते. "ष्ट्र" किंवा "क्ष्म" बारीक अक्षरात लिहून बघा, आतल्या पोकळ्या बुजलेल्या दिसतील. तेच पेन, तीच शाई गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या कागदावर वापरली की अक्षर मोकळं होतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा कागद काही आपल्याला निवडता येत नाही, तिथे शाईच बदलावी लागते. पेलिकनची 4001 कोरडी म्हणून ओळखली जाते. तिची निळी-काळी लोहयुक्त शाई तर साध्या कागदावरही फारशी फुटत नाही. याउलट पायलटची इरोशिझुकू सढळ वाहते. लिहायला सुख, पण बारीक रेघ हवी असेल तर ती नको. शाईची बाटली निबच्या तुलनेत महाग वाटेल, पण ती वाया जात नाही. न बसणारी निब मात्र खणात पडून राहते.

हातही तपासायला हवा. बॉलपेनच्या सवयीने दाब देऊन लिहिलं, तर चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि रेघ रुंदावते. त्यावर निब बदलणं हा इलाज नाही.

निब बदलूच नये असं नाही. एकाच घराण्यातल्या पेनांत हे उत्तम जमतं. पायलटच्या पेनमनशिपची ईएफ निब मेट्रोपॉलिटनमध्ये नीट बसते. लॅमी सफारीची निब तर बदलण्यासाठीच बनवलेली आहे, चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते. प्रेपीचं 02चं युनिट प्लॅटिनमच्याच प्लेझिर पेनात चालतं, आणि तिथे निबबरोबर तिचा फीडही येतो, म्हणून जुळवाजुळवीची भानगडच उरत नाही.

राहिलं पॉलिश पेपरवर घासणं. स्टीलच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा इवलासा मणी जोडलेला असतो. हाताने अंदाजे घासल्यावर तो दोन्ही बाजूंनी सारखा झिजत नाही, कडा धारदार होतात आणि निब कागद ओरबाडते. मणीच संपला तर उघडं स्टील कागदावर भराभर झिजतं, आणि घासलेलं परत भरून येत नाही. भिंगाखाली हे काम करणारे कारागीर आहेत, पण स्वस्त पेनाच्या निबसाठी त्यांची मजुरी पेनापेक्षा जास्त जाईल. त्यापेक्षा सरळ 02ची प्रेपी घ्या.