"आईच पोटी आली" म्हणू नका

लेक सात महिन्यांची झाली. इतके दिवस मनात साचलेलं आज लिहून टाकते.

ती झाली त्या दिवसापासून बारशापर्यंत येणारं-जाणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, "बघ, आईच पोटी आली." कुणी हसून, कुणी डोळे पुसत. सगळी मायेचीच माणसं, पण मला ते सोसवत नाही. दोन वर्षांपूर्वी नाशिकला रामकुंडात आईच्या अस्थी मी माझ्या हातांनी सोडल्या. ती गेली. तिची जागा भरायला पावणेतीन किलोच्या पोरीला कशाला उभं करता? नावही आजीचंच ठेव म्हणून आग्रह झाला. मी नाही ठेवलं.

माझं नेमकं काय हरवलंय, ते त्या वाक्यात येतच नाही. पहिल्याच तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, आईला गरोदरपणात बीपी किंवा शुगरचा त्रास होता का? हे त्रास आईकडून लेकीकडे येऊ शकतात, म्हणून विचारतात. बाबांना फोन लावला. म्हणाले, "ते तिलाच ठाऊक." मी कधी रांगले, रात्री कशाने शांत व्हायचे, सगळं तिलाच ठाऊक. माझ्या जन्माचं मला एवढंच माहीत आहे की गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर होता आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं होतं. हे ती दर पावसाळ्यात सांगायची. बाकीचं मी कधी विचारलंच नाही.

पंचवटीत माहेरी नुसते बाबा, म्हणून बाळंतपण सासरी सिडकोत झालं. बाबा रविवार कारंजावर किराणा दुकानात गेले आणि बाळंतिणीला काय काय लागतं हे दुकानदारालाच विचारलं. त्याने घरी बायकोला फोन लावून यादी घेतली. डिंक, अळीव, खारीक, शेपा, ओवा. प्रत्येक पुडीवर बाबांनी पेनाने नाव लिहून आणलं होतं.

सासूबाईंना मी आई म्हणते. रात्री तीनला "आई" म्हणून हाक गेली की त्या धावत यायच्या, आणि त्यांना बघून मला जास्तच रडू यायचं. हाक त्यांना नव्हती. त्यांना ते कळत होतं, पण एकदाही बोलून दाखवलं नाही. पाठीवरून हात फिरवत बसून राहायच्या.

बाकीच्यांचं एकच, "रडू नकोस, दूध आटेल." रडल्याने दूध आटत नाही. ताणामुळे उतरायला थोडा वेळ लागू शकतो, पण बाळ जितकं ओढेल तितकं ते तयार होतं. पहिले काही दिवस रडू येणं बहुतेक बायांना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. माझं पाचव्या आठवड्यातही थांबेना, तेव्हा नवऱ्याने समुपदेशक बाईंकडे नेलं. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो. त्या बाईंनी विचारलं, "आई कशी होती?" पाच आठवड्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तासभर बोलत होते.

म्हणून सांगते, आई नसलेल्या बाळंतिणीला भेटायला गेलात तर तिच्या आईबद्दल विचारा. रडली तर रडू द्या.

परवा लेकीला पहिल्यांदा गंगेवर नेलं. दुतोंड्या मारुतीसमोर कडेवर घेऊन उभी राहिले आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं ते बोटाने दाखवलं, आई मला दाखवायची तसं. तिचं लक्ष कबुतरांकडे होतं.