प्रशिक्षण घ्या, पण मुलाची वही समोर ठेवून

अध्ययन अक्षमतेवरची शिक्षक-प्रशिक्षणं बऱ्याचदा लक्षणांच्या यादीतच संपतात. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिसकॅल्क्युलिया (गणितातली) यांच्या व्याख्या, एखादी चित्रफीत, शेवटी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी वाचताना अडखळणारं मूल समोर आलं की नेमकं काय करायचं, हे सांगितलेलंच नसतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण वर्ष वाया जातं ते मुलाचं.

सुरुवात वहीपासून करा. नाव झाकलेलं श्रुतलेखनाचं पान शिक्षकांना द्या. गुण द्यायचे नाहीत, चुकांची वर्गवारी करायची. 'घर'चं 'धर' झालं असेल, तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा गोंधळ असू शकतो. मग घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं घ्या. 'पुस्तक'चं 'पुतक' झालं असेल, तर जोडाक्षरातला अर्धा ध्वनी मुलाला सुटा जाणवत नसावा. तिथे चार बटणं मांडा आणि पु-स्-त-क म्हणत प्रत्येक ध्वनीला एक बटण पुढे सरकवायला सांगा. मग लिहून घ्या. एकाच पानावरून निदान करू नका, तीन-चार पानांत तीच चूक दिसते का ते पाहा. 'दहा वेळा लिहून आण' हा यातल्या कशावरच उपाय नाही. मूल दहा वेळा चुकीचंच उतरवतं किंवा न वाचता नक्कल करतं.

गणितातही हेच. ५२ - २७ = ३५ हा निष्काळजीपणा नाही. मूल प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करतंय. दहा-दहा काड्यांच्या जुड्या द्या, एक जुडी सोडवू द्या, मग तेच चित्रात, मग अंकांत. घाईत मधली चित्राची पायरी गाळली जाते आणि काड्यांनी जमलेलं कागदावर जमत नाही.

नुसतं ऐकून हे हातात येत नाही. तिघांच्या गटात दहा मिनिटांचा पाठ घ्या: एकाने शिक्षक व्हायचं, एकाने मूल, एकाने निरीक्षक. निरीक्षकाने एवढंच टिपावं की चूक झाल्यावर शिक्षक किती सेकंद थांबला आणि उत्तर कुणी सांगितलं. बहुतेक जण थांबतच नाहीत! पुढे खऱ्या वर्गातही कुणीतरी येऊन हे पाहायला हवं. सलग दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा महिनोन्महिने विखुरलेल्या छोट्या बैठका बऱ्या.

वाचताना पानावर ठेवायचे रंगीत पारदर्शक कागद आणि 'दृश्य शिकणारा, श्राव्य शिकणारा' अशा वर्गवाऱ्या मात्र प्रशिक्षणातून काढून टाका. त्यांना भक्कम पुरावा नाही.

प्रगती मोजायची तर आठवड्यातून एकदा, त्याच पातळीचा नवा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द, आलेखावर एक ठिपका. सहा आठवड्यांत रेघ वर सरकली नाही तर पद्धत बदला. नजर आणि श्रवण तपासलंय ना, तेही विचारा. निदान तज्ज्ञांचं काम आहे, पण अहवाल येईपर्यंत शिकवणं थांबवायचं कारण नाही. परीक्षेत जादा वेळ द्यावाच, पण अक्षरच उलगडत नसेल तर तेवढ्याने भागत नाही.

आणि मुख्याध्यापकांनाही प्रशिक्षणाला बसवा. तीन-चार मुलांच्या गटासाठी रोजची अर्धी तासिका वेळापत्रकात तेच घालू शकतात.