मोज्यात काय घालायचं? (पहाटे पाचची परीक्षा)

यंदा आमच्याकडे नाताळचे चार मोजे भरायचेत, म्हणजे ती स्टॉकिंग, चोवीस डिसेंबरच्या रात्री पोरांसाठी छोट्या छोट्या वस्तूंनी भरून ठेवायचे मोठे मोजे. दोन घरचे, म्हणजे मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ चा, शिवाय मोठ्या नणंदेचा १५ वर्षांचा पोरगा आणि धाकट्या दिरांची २ वर्षांची चिमुरडी. सगळे नाताळला इंग्लंडात, लीड्सला आमच्याकडेच मुक्कामी. आणि इथे नवीन आलेल्या दोघीतिघींनी मेसेज करून विचारलं की ताई तुम्ही स्टॉकिंगमध्ये काय काय घालता, फार खर्च होतो का. म्हणून म्हटलं प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकू. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाका. स्टॉकिंग म्हणजे मेन गिफ्ट नव्हे. मेन गिफ्ट झाडाखाली असतं, ते सगळे उठल्यावर, चहापाणी झाल्यावर. स्टॉकिंग असतं पोरांच्या पलंगाच्या पायथ्याशी, आणि ते आईबाप उठायच्या आधी उघडायची परवानगी असते. हे वाक्य परत वाचा. आईबाप उठायच्या आधी! म्हणजे या मोज्याचं खरं काम काय, तर पंचवीस डिसेंबरला पहाटे पाचला टक्क जागी झालेली कार्टी निदान साडेसहापर्यंत आपल्या खोलीत थोपवून धरणं. इथे त्या दिवसांत सव्वाआठनंतर उजाडतं हो! मला हे कळायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी फक्त 'छोटं आणि स्वस्त' एवढंच बघून घेतलं होतं.

काय घेतलं होतं, तर स्लाइमचा डबा, एक शिट्टी (हो, शिट्टी, हसू नका), छोटी बॅटरीवरची गाडी, आणि चिकटवून बनवायचं काहीतरी किट. पाच वाजून दहा मिनिटांनी शिट्टी. सव्वापाचला "आई, कात्री कुठाय". साडेपाचला स्लाइम दुलईवर, आणि ते दुलईतून कसं निघतं ते मी आजही सांगू शकत नाही कारण निघालंच नाही. आणि गाडीला बॅटऱ्या नव्हत्या. आता तुम्ही म्हणाल जाऊन आणायच्या, तर इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडायलाच बंदी आहे, २००४ चा कायदाच आहे तसा, त्यामुळे सुपरमार्केट सगळी बंद. नवरा थंडीत वीस मिनिटं चालत त्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात गेला आणि बॅटऱ्या घेऊन आला, तोपर्यंत गाडीवरचं प्रेम संपलेलं.

तेव्हापासून मी एकच परीक्षा लावते. पहाटे पाचला, पलंगात बसून, एकट्याने, कात्री-पाणी-गोंद-बॅटरी-मोठं माणूस यातलं काहीही न लागता पोराला ही वस्तू वापरता येईल का? येत असेल तर घ्यायची. नसेल तर ती कितीही गोड दिसो, एक पाउंडाला असो, नाही घ्यायची. ती झाडाखाली जाऊ दे.

फक्त दोन वर्षांच्या बाळाला ही परीक्षा लागू नाही. उलट तिचा मोजा तिच्याजवळ ठेवायचाच नाही, आईबापाच्या खोलीत ठेवायचा आणि मांडीवर घेऊन उघडायचा. इथे मी जरा कडक आहे. टॉयलेट रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या, जी वस्तू त्यातून आरपार जाते ती या वयाला नाही म्हणजे नाही. चॉकलेटची सोनेरी नाणीसुद्धा नाही, कागदासकट तोंडात जातात. आणि बटण सेलवाली कुठलीही वस्तू नाही. खेळण्यांना निदान सेलच्या झाकणाला स्क्रू असतो, पण त्या लुकलुकणाऱ्या अंगठ्या, गाणारी ग्रीटिंग कार्डं, छोट्या नकली मेणबत्त्या, यांचं झाकण नखाने उघडतं. तो चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. मी एकदा ऑनलाइन कुठूनतरी स्वस्तात चमकणाऱ्या अंगठ्या मागवल्या होत्या, पाकीट उघडलं तर एक सेल आधीच सुटून तळाशी पडलेला. सगळंच्या सगळं रिसायकलिंगला दिलं. आणि लक्षात ठेवा, घरात मोठी पोरं असली की त्यांच्या मोज्यातल्या वस्तू पण बाळाच्या हाताला लागणारच. त्यामुळे बाळ मुक्कामाला असेल त्या वर्षी चौघांच्याही मोज्यात बटण सेल नाही, छोटी लोहचुंबकं नाहीत, पाण्यात फुगणारे मणी नाहीत. त्या मण्यांचा तर मला रागच आहे.

मग बाळाला काय? जाड पुठ्ठ्याचं पुस्तक (चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, पन्नास पेन्सला मिळतं, कोपरे चावलेले नाहीत ना तेवढं बघा), त्या नळीतून न जाणारे जाडे क्रेयॉन, आंघोळीच्या टबातले एकात एक बसणारे पेले, उबदार मोजे. खरं सांगू का, तिला मोजा रिकामा करायचा, परत भरायचा, परत रिकामा करायचा यातच मजा येते. आत काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. चार वस्तू खूप झाल्या, वर पैसे घालवू नका.

सात वर्षं हे मोज्याचं सोन्याचं वय. यांना सगळंच आवडतं. भिंग घाला, तो सकाळभर दुलईचे धागे बघत बसतो. पत्त्यांचा कॅट. विनोदांचं छोटं पुस्तक, पण ते दिलंत तर दिवसभर 'नॉक नॉक' ऐकायची तयारी ठेवा. फुटबॉलचे स्टिकर, एक पेन्सिल ज्याच्यावर काहीतरी विचित्र टोपण आहे, आणि एक छोटा टॉर्च, तो मात्र साध्या पेन्सिल सेलवाला, सेल आधीच घालून. टॉर्च हा माझ्या मते जगातला सर्वात चांगला मोज्यातला माल आहे कारण बाकीचा मोजा त्याच्याच उजेडात दुलईखाली बघता येतो आणि मोठा दिवा लागत नाही, म्हणजे शेजारच्या पलंगावरची बहीण उठत नाही. म्हणून टॉर्च सगळ्यात वर ठेवायचा, खाली नाही!

आणि प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. मला आधी हा वेडेपणा वाटायचा, दीड पाउंडाच्या वस्तूला कागद कशाला. पण एक वस्तू उघडायला दोन मिनिटं लागतात, आठ वस्तू म्हणजे सोळा मिनिटं जास्त झोप. फक्त चिकटपट्टी कमी लावा, नाहीतर परत कात्रीसाठी हाका.

आठ का, तर तेही अनुभवाने. माझा मुलगा वस्तू मोजतो. मुलगी किंमत बघते. आणि १५ वर्षांचा भाचा दोन्ही बघतो पण बघत नाही असं दाखवतो. त्यामुळे मोठ्या तिघांना प्रत्येकी आठ वस्तू, प्रत्येकी दहा पाउंडांच्या आत. एखाद्याला वाटतं मोठ्याला एकच भारी वस्तू घालू, पण सकाळी शेजारी आठ पाकिटं फुटताना एकटं पाकीट घेऊन बसायला कोणालाच आवडत नाही. दहा पाउंडांत आठ वस्तू बसतात, फक्त डिसेंबरमध्ये शोधायला निघालात तर नाही बसत. मी ऑक्टोबरपासून एका बुटाच्या खोक्यात जमवते.

अकराच्या मुलीचं सोपं आहे आणि अवघडही. जेल पेनं, केसांचे मऊ रबर, लिप बाम, कुलूपवाली डायरी, मऊ मऊ मोजे (मोज्यात मोजे, हो). पण 'लहान मुलांचं' वाटेल असं एक जरी निघालं तरी चेहरा पडतो, आणि फारच मोठ्यांचं घेतलं तर मलाच नको वाटतं. मेकअपचे स्वस्त सेट मी घेत नाही. यावरून माझं एका मैत्रिणीशी वाजलंय, असू दे.

पंधरा. यांना काही नको असतं. खरं म्हणजे यांना पैसे हवे असतात, आणि पाचची परीक्षाही यांना नको, हे अकराला उठतात. पण मोजा द्यायचाच. गेल्या वर्षी भाच्याला दोन मीटरची चार्जिंग केबल (पलंगापासून प्लग लांब आहे म्हणून कुरकुरायचा, ऐकून ठेवलं होतं), डिओ, तिखट नूडल्सची पाकिटं, झणझणीत सॉसची छोटी बाटली असं घातलं. बोलला काही नाही. दुपारी बघते तर सगळी मंडळी टर्की खातायत आणि हा त्याच्यावर तो सॉस ओततोय. पोरं बोलताना कान उघडे ठेवायचे, बस, या वयाला दुसरा उपाय नाही.

एक गोष्ट मात्र चारही मोज्यांत सारखी, अगदी टाचेखाली बोटांपाशी एक सॅट्सुमा, म्हणजे सैल सालीचं छोटं संत्रं, आणि मोठ्यांना चॉकलेटची नाणी. याची दंतकथा अशी की चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब माणसाच्या तीन मुलींची लग्नं पैशावाचून अडली होती, तर त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या आणि सोनं वाळत घातलेल्या मोज्यात पडलं. ते सोनं म्हणजे हे संत्रं. ही गोष्ट मी गेल्या वर्षी सासूबाईंना सांगितली, त्या पहिल्यांदाच नाताळात इथे आलेल्या. त्या आधी म्हणाल्या, "शी गो! पायात घालूच्या मोज्यात खाऊ?" आणि गोष्ट पूर्ण ऐकल्यावर म्हणाल्या, "म्हणजे हुंड्याचीच भानगड ती!" मला उत्तर सुचेना.

अजून एक, वादाचा मुद्दा आहे पण लिहिते. आमच्याकडे फादर ख्रिसमस (म्हणजे आपला सांताक्लॉज) फक्त मोजा भरतो. महागाची वस्तू आईबापाच्या नावावर. मुलगा रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात, असताना त्याने विचारलं होतं की फादर ख्रिसमसने वर्गातल्या एकाला टॅबलेट आणला आणि दुसऱ्याला फक्त रंगाची पेटी, तो दुसरा नॉटी होता का. त्या दुसऱ्याच्या घरी काय परिस्थिती होती ते मला माहीत होतं. त्या दिवसापासून भारी गिफ्टचं श्रेय आम्हीच घेतो, लाजत नाही.

तर सासूबाई. आमच्या आई सावंतवाडीच्या, येताना तिथल्या चितारआळीतून, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीतून, लाकडी भिंगऱ्या घेऊन आलेल्या, बोटांनी गरकन फिरवायच्या त्या, लाल-पिवळ्या, लाखेच्या रंगाच्या. मोज्याला आधी नाकं मुरडली पण चोवीसच्या रात्री माझ्याबरोबर जमिनीवर बसून भरायला लागल्या. कागद संपला माझा. तर म्हणाल्या थांब, आणि आपल्या बॅगेतून, सामान बांधताना भरलेले मराठी पेपर काढून त्यात भिंगऱ्या गुंडाळून टाकल्या. मी पण दमलेली, म्हटलं जाऊ दे.

पहाटे पाच वाजून वीस मिनिटं. मी जिन्यापाशी कान देऊन उभी. टॉर्चचा उजेड दाराखालून हलतोय. आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर भिंगरी फिरल्याचा तो घर्र आवाज, मग थांबला की हळूच "परत परत". पावणेसातपर्यंत! आठ वस्तूंत सगळ्यात स्वस्त तीच असणार, आईंनी किंमत काही सांगितली नाही.

मग धाकट्याचा आवाज, "फादर ख्रिसमसकडे मराठी पेपर कसा आला?" मी बाहेर श्वास रोखून. मुलगी तेव्हा दहाची, तिने एक क्षणही न थांबता सांगितलं, "तो आधी इंडियाला जातो ना, तिकडे आपल्या आधी रात्र होते." पटलं त्याला.

सकाळी मी किचनमध्ये चहा टाकत होते तर ती एकटीच खाली आली, हातात पेपरचा एक चुरगळलेला तुकडा. शब्दकोडं होतं. अर्धं सोडवलेलं, निळ्या पेनने, आजीच्या अक्षरात. माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "त्याने बघायच्या आत टाकून दे." आणि दारापर्यंत जाऊन परत वळली, "आणि आजीला सांग, सात आडवा चुकलाय."