‘फक्त टर्बो बदला, बाकी काही नको’: ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस-२३० वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गाडीतला आयएस-२० टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) लहान आहे, तो काढून फोक्सवॅगन गोल्फ आरमधला मोठा आयएस-३८ लावा. बोल्ट तेच, रिमॅपची (सॉफ्टवेअर बदलण्याची) गरज नाही, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आपोआप शिकून घेतो. ४०० हॉर्सपॉवर आणि ४८० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) मिळतात. लॅग, म्हणजे पेडल दाबल्यावर टर्बोचा जोर उशिरा येणं, ही जुन्या गाड्यांची गोष्ट. ई-२० मुळे (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) ऑक्टेन वाढलंय, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून इंजिनाला मार बसण्याची) भीती गेली. मायलेजही वाढतं. आरटीओ बॉनेट उघडत नाही, आणि विमा कंपनीला कळवायच्या भानगडीत पडू नका.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी सेकंडहँड आरएस घेतली. रोज चांदणी चौक ते हिंजवडी. त्याने हा मेसेज मला पाठवून खाली लिहिलं, “मामा, टाकून घेऊ का? बोनसमध्ये बसतंय.” म्हणून हे लिहितोय. आणि जरा रागानेच लिहितोय.

बोल्ट तेच आहेत, हे खरं. आयएस-३८ आयएस-२० च्या जागी बसतो, तेवढं मान्य. पण त्यापुढचं ‘ईसीयू शिकून घेतो’ हे ज्याने लिहिलं त्याला ही गाडी चालते कशी हेच माहीत नाही. हा ईसीयू टॉर्कच्या हिशेबाने काम करतो. तुम्ही पेडल दाबलं की तो ठरवतो, किती न्यूटन मीटर हवेत. मग त्यासाठी किती हवा, किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर बाहेर सोडणारी झडप) किती बंद. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल आकडा ३५० आहे. मोठा टर्बो लावलात तरी तो ३५० च मागणार आणि तिथेच थांबणार. वर वेस्टगेटचे तक्ते लहान टर्बोसाठी लिहिलेले, त्यामुळे बूस्ट मागितलं त्यापेक्षा कमी-जास्त येणार आणि इंजिन लाइट लावून गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कापून जपून चालण्याच्या अवस्थेत) जाणार. ईसीयू शिकतो ते इंधनाच्या मिश्रणातले थोडे टक्के, नॉक झाल्यावर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेणं, एवढंच. अख्खा नवा टर्बो तो शिकत नाही. म्हणजे रिमॅपशिवाय लाख-दीड लाख घालून मिळणार काय? तोच टॉर्क, पण उशिरा.

माझं ऐकू नका, फोक्सवॅगनचं ऐका. २०१३ मध्ये त्यांनी स्वतः हाच बदल केला. गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर, दोन्हींत ईए-८८८ घराण्याचं तिसऱ्या पिढीचं दोन लिटर इंजिन. आरला मोठा टर्बो दिला तेव्हा सोबत काय काय बदललं ते कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं: सिलिंडर हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह सीट आणि स्प्रिंग, पिस्टन, इंजेक्टर. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन सिलिंडरमधली हवा किती पट दाबतो तो आकडा) ९.६ वरून ९.३ वर आणला. ज्यांनी हे इंजिन बनवलं त्यांना ३०० पीएससाठी (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) एवढं करावंसं वाटलं, आणि मेसेजवाला ४०० साठी एक टर्बो आणि चार बोल्ट सांगतोय.

इथे कोणी म्हणेल, ट्यूनर लोक आयएस-२० च्या इंजिनावरच आयएस-३८ चालवतात, आणि टिकतं. टिकतं, नीट रिमॅप केलं तर. पण मग ‘रिमॅप नको’ हे वाक्य पुढे कशाला पाठवता?

आता लॅग. आरएस-२३० ला पूर्ण ३५० न्यूटन मीटर १५०० आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांपासून) मिळतात. गोल्फ आरला ३८० मिळतात ते १८०० पासून. फरक तीनशेचाच, हे कबूल. पण तो कंपनीच्या ३८० साठी आहे. ट्यून करून त्याच टर्बोकडून साडेचारशे-पाचशे मागितले की पूर्ण बूस्ट साधारण तीन हजारांपाशी येतं. हिशेब करून बघा. दोन लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना दोन लिटर हवा ओढतं. २००० आरपीएमला मिनिटाला २००० लिटर. दाब वातावरणाच्या दुप्पट धरला, गरम हवेची आणि भरण्यातली तूट वजा केली, तर वजनात आठेक पाउंड. ढोबळमानाने मिनिटाला एक पाउंड हवा म्हणजे दहा हॉर्सपॉवर, तेव्हा ४०० साठी वरच्या आरपीएमला ४० पाउंड लागतात. एकाच कॉम्प्रेसरने (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाने) ८ पण द्यायचे आणि ४० पण. कॉम्प्रेसर मॅपवर (किती हवेला किती दाब देता येतो त्या आलेखावर) डावीकडे सर्जची रेषा असते. कॉम्प्रेसरचं चाक जितकं मोठं तितकी ती उजवीकडे सरकते. तिच्या डावीकडे बूस्ट तयार होत नाही, किंवा झालं तर हवा उलटी फडफडते आणि बेअरिंगवर मार बसतो.

भाचा दिवसातला बहुतेक वेळ १२०० ते २५०० मध्ये असतो. भूमकर चौकात पीएमपी बसच्या मागे. कात्रजच्या चढावर ट्रकच्या मागून बाहेर पडायचं असतं तेव्हा २००० ला काय मिळतं यावर सगळं अवलंबून. रोजच्या गाडीचा टर्बो निवडायचा तो इथल्या आकड्यावरून. डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावरचा सर्वांत मोठा आकडा ६००० च्या पुढे येतो, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० ची आहे, जी ही गाडी सहाव्या गिअरमध्ये दोन-सव्वादोन हजारांवर गाठते.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये अर्धी बरोबर आहे. लहान टर्बो वरच्या आरपीएमला दमतो आणि नुसती गरम हवा फेकतो. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर ती १३० अंशांपर्यंत तापते. ६० टक्के असेल तर १४५ च्या पुढे. दोन्हीकडे गेजवर बूस्ट तेवढंच दिसतं. म्हणून नुसते पीएसआय (दाबाचा आकडा) बघून टर्बो घेणं चूक. पण हाच मुद्दा आधी चांगल्या इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) नेतो, टर्बोकडे नंतर.

ई-२० बद्दल: ऑक्टेन वाढलं, ९१ चं ९५ झालं, खरंय. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला बिनइथेनॉलच्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. ४०० हॉर्सपॉवरला मूळ हाय-प्रेशर इंधन पंप आधीच ताणलेला, त्यावर हे ओझं. पंप कमी पडला की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि लीन झाल्यावर ऑक्टेन फार वेळ वाचवत नाही.

मायलेजचा मुद्दा दोन ओळींचा. शंभरच्या स्थिर वेगाला गाडीला वीसेक हॉर्सपॉवर पुरतात, तेव्हा बूस्ट जवळजवळ नसतंच. टर्बोचा आकार तिथे काही वाढवत नाही.

गिअरबॉक्स. याच सहा-स्पीड डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) कंपनीने गोल्फ आरमध्ये ३८० पर्यंत नेलं, तेही चारही चाकांवर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सिआट लिऑन कुप्रा २८० ला २०१४ मध्ये आयएस-३८ दिला तेव्हा टॉर्क ३५० वरच ठेवला. मेसेजवाला ४८० पुढच्या दोन चाकांवर टाकतोय. डीएसजीचं सॉफ्टवेअर आणि क्लच याबद्दल अवाक्षर नाही.

आणि आता ती शेवटची ओळ, जिच्यामुळे मी खरा चिडलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीने ठरवलेलं मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बॉनेट रस्त्यावर उघडत नाहीत हे खरं. अपघातानंतर उघडतात. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, टर्बोवरचा पार्ट नंबर वाचतो, आणि लपवलेला बदल म्हणजे दावा नाकारायला आयतं कारण. त्या गाडीत माझी बहीण बसते, शेजारचं पोर शाळेत जायला बसतं. ‘कळवू नका’ असा सल्ला देणारा त्या दिवशी ग्रुप सोडून गेलेला असेल.

भाच्याला मी सांगितलं ते असं. आयएस-२० राहू दे. डीएसजीचं ऑइल वेळेवर बदल, टायर आणि ब्रेक फ्लुइड आधी नवे घे. त्यातूनही ही हौस ट्रॅकवरच्या वेगळ्या गाडीसाठी असेल, तर ट्यूनरला तीन गोष्टी कागदावर माग: त्या टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप, १५०० आरपीएमपासून काढलेला डायनोचा आलेख कोणत्या इंधनावरचा आहे त्याच्यासकट, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून सलग तीनदा मारलेल्या धावांचा लॉग (ईसीयूची नोंद), ज्यात इनटेकचं तापमान आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडच्या इंधनाचा दाब) दोन्ही दिसतात. हे द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे गाडी सोडू नकोस.